कॅप्टनने न लिहिलेली नऊ वाक्यं

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. बावीस वर्षं ती त्या दैनिकात प्रुफं तपासत होती. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून तिने तीन उपसंपादकांना रडकुंडीला आणलं होतं. एकदा एका बड्या माणसाच्या निधनाच्या बातमीत ‘दुःखद’मधला विसर्ग राहिला, तर तिने चालू यंत्र थांबवायला लावलं. “मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, बाई?” म्हणून यंत्रवाला करवादला. ती म्हणाली, “त्याला नाही पडत. मला पडतो.”

राग तिच्या नाकावर असायचा हे खरं, पण तो बहुतेक वेळा रास्त असायचा, आणि म्हणूनच लोकांना तो जास्त जाचायचा.

आई-वडील एकाच वर्षात गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सात. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिने त्याला वाढवलं. लग्नाचं विचारायला दोघे-तिघे येऊन गेले, धाकट्याकडे बघून पुन्हा फिरकले नाहीत. तिनेही त्यांची वाट पाहिली नाही. धाकट्याने सैन्यात जायचं ठरवलं तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मग गणवेश घालून तो दारात उभा राहिला, तर आधी तिने त्याची कॉलर सरळ केली आणि मग रडली. आता तो कॅप्टन होता, लढाईचा दुसरा हिवाळा चालू होता, आणि तो कुठल्यातरी उंच डोंगरावरच्या चौकीत होता. कुठल्या, ते सांगायची त्याला परवानगी नव्हती.

त्या हिवाळ्यात त्याचं एक लांबलचक पत्र आलं. टपालाने नाही, रजेवर निघालेल्या एका शिपायाने ते सदऱ्याच्या आतून आणून तिच्या हातात दिलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

‘ताई,’ त्याने लिहिलं होतं, ‘शाई गोठते म्हणून पेन्सिलीने लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस. आम्ही इथे चौदा जण आहोत. खालच्या तळावरून वर यायला खेचरांना चार दिवस लागतात, आणि वारा सुटला तर ती येतच नाहीत. गेल्या खेपेला हातमोज्यांचं एक खोकं आलं. उघडलं तर सगळे डाव्या हाताचे. चाळीस हातमोजे आणि चाळीसच्या चाळीस डावे! आधी आम्ही पोट धरधरून हसलो. आता उजव्या हातातही डावाच उलटा घालतो. तळव्याची बाजू वर येते, बोटं वळत नाहीत. वायरलेसवाल्याला तर मोजा काढूनच काम करावं लागतं. त्याची बोटं मला दिवसेंदिवस बरी दिसत नाहीत. मी खाली तीनदा कळवलंय.’

आणि शेवटी हे: ‘तुमचा पेपर इथे येतो, बरं का. सामानाभोवती गुंडाळलेला, महिनाभर शिळा. पण आमचा आचारी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतो, छोट्या जाहिरातींसकट. एक पठ्ठ्या तर विकाऊ शिवणयंत्रावर रोज नवी बोली लावतो. मी गुपचूप चुका शोधत असतो. अजून एकही सापडलेली नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय, हा पेपर माझ्या ताईच्या हाताखालून जातो.’

या शेवटच्या चार ओळींनी तिचा घात केला. बावीस वर्षांत तिच्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. चूक राहिली तरच लोकांना तिची आठवण यायची. दुसऱ्या दिवशी ती पत्र घेऊन कामावर गेली. आधी शिशाचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला तो परिच्छेद वाचून दाखवला, मग टेलिफोनवालीला, आणि दुपारपर्यंत गोष्ट संपादकांच्या कानावर गेली. त्यांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची तिला पहिल्यांदाच मिळत होती.

“असं काही छापलं तर लोकांना किती उभारी येईल, बाई,” ते म्हणाले.

तिने पेपराबद्दलच्या परिच्छेदाभोवती निळ्या पेन्सिलीने कंस केला. “एवढंच. बाकीचं खाजगी आहे. आणि नाव नको.”

“अर्थात, अर्थात,” संपादक म्हणाले आणि पत्र ठेवून घेतलं. “उद्या परत देतो.”

परत दिलंही. पण शनिवारी ती अर्ध्या दिवसाने घरी गेल्यावर पुरवणीचं जुळवलेलं शेवटचं पान पुन्हा सोडवून बदललं गेलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. रविवारी सकाळी कुलूपवाला पुरवणी नाचवतच जिन्यावर आला. “बाई, अहो, आपला धाकटा! पेपरात!”

चौकटीत, वर बंदूकधारी सैनिकाचं चित्र, आणि मोठ्या टायपात मथळा: ‘ताई, इथे आम्हाला कशाचीही उणिव नाही!’ खाली पत्र. तिचा कंसातला परिच्छेद त्यात कुठेच नव्हता. ‘थंडी शत्रूला वाजते, आम्हाला नाही.’ ‘येथील भोजन घरच्यासारखेच आहे.’ ‘मायदेशाने पाठवलेले हातमोजे हातात चढवले, की आईने आपले हात हातात घेतल्याचा भास होतो.’ शेवटी धाकट्याचं संपूर्ण नाव, हुद्दा, सगळं.

म्हणजे संपादकांनी कंसाबाहेरचंही वाचलं होतं. हातमोज्यांचं वाचलं होतं, आणि ते वाचूनच हे लिहिलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या सकाळी कळलं. त्यात मथळ्यातली वेलांटीही चुकलेली होती.

सोमवारी ती सरळ संपादकांच्या खोलीत शिरली. या वेळी खुर्ची कुणी दिली नाही.

“दोन-चार वाक्यं सजवली, एवढंच,” ते म्हणाले. “लढाईचे दिवस आहेत. घरोघरी लोक धास्तावलेत. त्यांना काय सांगू, डाव्या हाताचे मोजे?”

“काहीच सांगू नका! पण त्याच्या तोंडून खोटं का?”

“त्याचं नाव झालं, बाई. गावभर कौतुक चाललंय. आणि तिकडे डोंगरावर कोण वाचतंय?”

“वाचतात. पत्रात तेच तर लिहिलंय.”

“मग खूश होतील,” संपादक म्हणाले आणि समोरचा कागद वाचायला लागले.

खरं तर तिने तिथेच टेबल उलथं करायला हवं होतं. पण ती आपल्या जागेवर जाऊन बसली, पुढ्यातली गॅली, कच्च्या छपाईची लांब पट्टी, ओढली आणि लाल पेन्सिल हातात घेतली. कुणावर ओरडणार? पत्र तिने आपल्या हाताने नेऊन दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण! कुलूपवाल्याने ते कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं होतं, आणि जाता-येता लोक तिला थांबवून अभिनंदन करत. ती मान हलवायची. दोन महिने ती अशी मूग गिळून बसली, आणि त्या दोन महिन्यांत धाकट्याचं एकही पत्र आलं नाही.

मग एका सकाळी दार वाजलं. पंचविशीचा एक माणूस बाहेर उभा होता. सैन्याचा कोट, पण बिल्ले काढलेले. उजवा हात खिशात.

“कॅप्टनसाहेबांच्या ताई ना? मी त्यांच्या चौकीवरचा वायरलेसवाला. मला घरी पाठवलंय.”

तिने त्याला बसवलं, चहा पुढे केला. त्याने डाव्या हाताने कप उचलला, बशी तशीच राहिली. मग तिला बघायचंच आहे हे ओळखून त्याने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

“खालच्या तळावर काढली,” तो म्हणाला. “काळी पडली होती. डॉक्टर चांगला होता.”

तिने बशी उचलून बाजूला ठेवली.

“तुमचा पेपर आला तेव्हा मी वरच होतो,” तो कपात बघत सांगू लागला. “त्या खेपेची खेचरं वाऱ्याच्या भीतीने सामान टाकून लगेच उतरली, मला खाली कोण नेणार? कंदिलाच्या काचेभोवती गुंडाळून आला होता. आचारी नेहमीसारखा मोठ्याने वाचायला लागला. साहेबांचं नाव बघून आम्ही सगळे सरसावून बसलो. वाचता वाचता ते हातमोज्यांचं आलं. आईचे हात. माझ्या हाताला तेव्हा चिंध्या बांधलेल्या होत्या.”

“मग?”

“मग काय. आचाऱ्याने कागद खाली ठेवला. साहेब बाहेरून आले, कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला. म्हणाले, ‘मी हे लिहिलेलं नाही.’ आम्ही म्हटलं, होय साहेब.”

“तुमचा विश्वास बसला?”

त्याने कप खाली ठेवला. “ताई, खाली नाव त्यांचं होतं. खरं सांगू? मला वाटलं, वरच्यांना खूश करायला लिहिलं असेल. बढतीसाठी लिहितात लोक. पोरं साहेबांशी कामापुरतं बोलायला लागली. पूर्वी संध्याकाळी चेष्टामस्करी चालायची, ती बंद झाली. हातमोज्यांना मात्र सगळे ‘आईचे हात’ म्हणायला लागले. ‘अरे, माझी आई कुठे ठेवलीस?’ असं. साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.” त्याने कोटाच्या आतून एक घडी काढली. “निघताना हे दिलं त्यांनी. तेव्हा त्यांच्याकडे बघूनच मला कळलं, की त्यांनी लिहिलं नव्हतं. पण तोवर मी निघालो होतो.”

चिठ्ठी पाच ओळींची होती.

‘ताई, ही चिठ्ठी आणणाऱ्याचा हात बघ. मग मला सांग, तू हे छापू कसं दिलंस? तू विसर्गासाठी यंत्र थांबवणारी बाई. माझ्या माणसांसमोर मला लबाड ठरवलंस. उत्तर लिहू नकोस.’

वायरलेसवाला गेल्यावर मूळ पत्र पिशवीत टाकून ती निघाली, कपडे बदलायलाही थांबली नाही. रस्ताभर ती मनात ओरडत होती. संपादकावर, चाळीस डावे मोजे एका खोक्यात भरून वर शिक्का मारणाऱ्या माणसावर, तीन वेळा कळवूनही कान झाकून बसलेल्या कचेऱ्यांवर. आणि या सगळ्यांच्या वर, अभिनंदनाला मान हलवणाऱ्या स्वतःवर. छापखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तिचा आवाज मात्र अगदी थंड झाला होता. जुळारी नंतर सांगायचा, “बाई ओरडल्या असत्या तर मी घाबरलो नसतो.”

“चूकदुरुस्ती छापायची आहे,” ती संपादकांना म्हणाली. “पहिल्या पानावर.”

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा पुसला. “चूकदुरुस्ती वेलांटीची असते, बाई. वाक्यांची नसते.”

“एक वेलांटी चुकली तर तुम्ही माझ्या नावाने शेरा मारता. इथे तुम्ही अख्खा माणूस चुकीचा छापलात!”

“युद्धात बोटं जातात. वाईट वाटतं, पण जातात.”

“शत्रूने तोडली असती तर मी दात ओठ खाऊन गप्प बसले असते. एका खोक्याने तोडली. आणि त्या खोक्यावर तुम्ही आईची माया फासलीत.”

संपादक उठले, दार लावून आले, आणि आवाज उतरवून म्हणाले, “एक लक्षात घ्या. मूळ पत्र सैन्याची टपाल-तपासणी चुकवून आलंय. चौकीवर किती माणसं, सामान किती दिवसांनी येतं, सगळं आहे त्यात. ते बाहेर आलं तर तुमचा भाऊ कोर्टापुढे उभा राहील. मी नाही. तेव्हा खरं काय होतं, हे तुम्ही कुणाला आणि कसं सांगणार?”

चोराच्या उलट्या बोंबा! पण बोलणं खोटं नव्हतं. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर छोट्या जाहिरातींची गॅली पडलेली होती: विकणे आहे, भाड्याने देणे आहे, हरवले आहे. आचारी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तिला आठवलं. आणि मग हेही लक्षात आलं, की खरं काय होतं ते सांगायची गरजच नाही. खोटं काय होतं, तेवढं सांगितलं तरी पुरे.

तिने पुरवणीचं पान काढलं आणि बावीस वर्षं करत आली तेच काम केलं. मूळ पत्राशी छापील मजकूर ताडून पाहिला. नऊ वाक्यं पत्रात कुठेच नव्हती. बाकीची दोन-तीन मोडतोड केलेली होती, ती तिने सोडून दिली. मग कोऱ्या कागदावर लिहिलं:

‘चूकदुरुस्ती. या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका कॅप्टनचे म्हणून जे पत्र छापले गेले, त्यातील पुढील नऊ वाक्ये पत्रलेखकाची नाहीत. त्याने ती लिहिली नाहीत व त्याला ती मान्य नाहीत.’ खाली नऊ वाक्यं, क्रमांक घालून. हातमोज्यांचं सहावं. शेवटी: ‘ही वाक्ये संपादकांच्या टेबलावर तयार झाली. पत्र तेथवर नेण्याची चूक माझी. – पत्रलेखकाची बहीण.’

खाली जाऊन तिने जाहिरात-खिडकीवर कागद दिला. तिथला कारकून जाहिरात वाचायचा नाही, शब्द मोजायचा. त्याने शब्द मोजले, पैसे घेतले, शिक्का मारला. शिक्कामोर्तब झालेला कागद घेऊन ती जुळाऱ्याकडे गेली.

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. “बाई, हे लागलं तर तुम्ही घरी जाल.”

“माहीत आहे. तुम्ही हात लावू नका. खिळे मीच जुळवते.”

“तुम्ही?” तो हसला. “तुम्हाला एवढं जुळवायला परवा उजाडेल. व्हा बाजूला.” त्याचे हात खान्यांवरून फिरू लागले. सहाव्या वाक्याशी तो क्षणभर थांबला आणि एक सणसणीत शिवी हासडली. मग पुढे चालू लागला. चूकदुरुस्ती एका विकाऊ कपाटाच्या आणि एका भाड्याच्या खोलीच्या मध्ये बसली. वेलांटीबाईंनी प्रूफ तपासलं, एक स्वल्पविराम हलवला, खाली सही केली आणि पान छपाईला सोडलं. तिच्या सहीचं पान यंत्रावर पुन्हा कुणी वाचायचं नाही, इतकी तिची ख्याती होती.

सकाळी दहापर्यंत शहरभर झालं. लोक छोट्या जाहिरातींचं पान बाहेर काढून बाकीचा पेपर दुकानाच्या फळीवर टाकून जात होते. संपादकांनी तिला सगळ्यांसमोर काढून टाकलं. लाल झालेल्या तोंडाने ते ओरडत होते, आणि तिने त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, “त्यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. त्याचीही चूकदुरुस्ती देते.” कुणी काही दाखवलं नाही. जुळाऱ्यालाही आत बोलावलं होतं. तो म्हणाला, “साहेब, मी वाचत नाही, जुळवतो.” चाळीस वर्षांच्या नोकरीत वाचता येत नसल्याचं सोंग त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं, आणि ते खपलं.

दुपारी सरकारी खात्याची दोन माणसं घरी आली. मूळ पत्र कुठे आहे?

“जाळलं,” ती म्हणाली. ते खरं होतं. कागदाचा चिटोरासुद्धा कधी न फेकणाऱ्या त्या बाईने सकाळी कामावर निघण्याआधी ते पत्र चुलीत घातलं होतं आणि पूर्ण जळेपर्यंत तिथेच उभी राहिली होती. “मी पत्रातलं काहीच छापलेलं नाही. पत्रात जे नव्हतं, तेवढंच छापलंय. पत्रात नसलेलं गुपित असतं का?” त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तिचा जबाब लिहून घेतला. त्यात ‘स्त्री’ चुकलेलं होतं. तिने ते दुरुस्त करून मग सही केली.

सगळेच तिच्या बाजूचे नव्हते, हेही सांगायला हवं. कुलूपवाल्याने काचेवरचं कात्रण काढलं, पण तिच्याशी बोलणंही टाकलं. त्याचा पुतण्या सैन्यात होता आणि त्याला ते खोटं हवं होतं. तिच्या दारावर कुणीतरी खडूने ‘देशद्रोहि’ लिहून गेलं. तिने शेवटची वेलांटी दीर्घ केली आणि शब्द तसाच राहू दिला. चार महिने तिला काम मिळालं नाही. मग एका शालेय पुस्तकांच्या छापखान्याने तिला घेतलं, मागच्या दाराने, निम्म्या वेळेसाठी.

लढाई वसंतात थांबली. धाकटा उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरी आला. वाळलेला, नाकावरची कातडी गेलेली. त्याने पिशवी ठेवली, हातपाय धुतले, मुकाट्याने जेवला. जेवण झाल्यावर ताट बाजूला सारून म्हणाला, “तुझी जाहिरात पोचली.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“आचाऱ्याने वाचली. नऊच्या नऊ वाक्यं. प्रत्येक वाक्याला पोरं संपादकाच्या नावाने शिव्या घालत होती, सहाव्याला तर कुणी आवरेना. मग एकाने विचारलं, ‘साहेब, मग तुम्ही खरं काय लिहिलं होतं?’ मी सांगितलं. जेवढं आठवत होतं तेवढं, सगळं.” त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. “त्या हातमोज्यांचा आणखी एक हिशेब नंतर कळला. पलीकडच्या डोंगरावर दुसरी चौकी आहे. तिथे चाळीस उजवे पडून होते. तेही कळवत होते.”

“आणि ते कुणी ताडून...”

“कुणी नाही.”

मग त्याने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत तो जुना, चिठ्ठीतला राग तिला दिसला. तो गेलेला नव्हता. “जाहिरात चांगली होती, ताई. पण मुळात पत्र दिलंसच का?”

सांगायला पुष्कळ होतं. संपादकांनी शब्द दिला होता, तिने कंस केला होता, शनिवारी ती घरी होती. तिने त्यातलं काही सांगितलं नाही.

“मिरवायचं होतं मला,” ती म्हणाली.

हे उत्तर त्याच्या अपेक्षेत नव्हतं. “उद्या मी त्याच्याकडे जाणार आहे,” शेवटी तो म्हणाला. “वायरलेसवाल्याकडे. तू येणार आहेस. आणि हे त्याला तूच सांगायचंस, असंच, याच शब्दांत.”

“सांगेन.”

“त्याची आई घरात असेल. ती दारातूनच हाकलून देईल कदाचित.”

“तिला हक्क आहे,” वेलांटीबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला उठल्या. मग वाटेतच वळल्या. “पण परत आल्यावर तू माझ्याजवळ बसायचंस. त्या खोक्यावर शिक्का कुणाचा होता, पावतीवर सही कुणाची होती, तुझे तीन निरोप कुणाच्या टेबलावर पडून राहिले, सगळं आठवून सांगायचंस. नावं, हुद्दे, तारखा. एकही चूक नको.”